लंगड्याची साक्ष

रंगनाथमामा माणसं मारत होते त्या काळात आमच्या गावात त्यांच्याइतका मदतीला धावून येणारा माणूस दुसरा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. कारण गेल्या दिवाळीत त्यांच्याविषयीचा एक व्हिडिओ मोबाईलवर फिरत होता. त्यात काळ्या कपड्यांतला, डोळ्यांत काजळ घातलेला एक नट गोदावरीच्या काठानं दात विचकत फिरतो, मागे ढोल वाजतात आणि निवेदक सांगतो की हा नराधम अमावास्येला बळी द्यायचा. माझ्या नातवानं तो मला मोठ्या हौसेनं दाखवला. "आबा, हे तुमच्या गावचं ना? तुम्ही याला बघितलं होतं?" मी म्हणालो, बघितलं होतं, पण त्याला काजळ नव्हतं. मामा पांढरा सदरा घालत, खिशात लहान मुलांसाठी खडीसाखर ठेवत, आणि अमावास्येला त्यांचा उपास असे. नातवाचा चेहरा पडला. मी मोबाईल परत दिला आणि चष्मा पुसत बसलो. त्या व्हिडिओत सगळं होतं, कवटीसुद्धा होती. फक्त कावळा नव्हता. तो असणारही कसा? त्याच्याबद्दल मला सोडून कुणालाच माहीत नाही. माझं आता वय झालं आहे, आणि तो कावळा माझ्याबरोबर गेला तर हिशेबात कायमची चूक राहील.

आमचं गाव कोपरगावच्या खालच्या अंगाला, नदीला लागून. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. ते गुरुजी होते, पण लग्नामुंजीचे नव्हेत, दहाव्याचे. मंगलकार्याचे गुरुजी वरच्या आळीत राहत आणि सकाळी कामाला निघताना नाना समोर दिसले तर देवळाला वळसा घालून जात. नानांना त्याचं वाईट वाटत नसे. ते म्हणत, "लग्न एक वेळ रजिस्टरनं होतं, दहावा होत नाही." पहाटे त्यांचं खाकरणं सुरू झालं की पाठोपाठ साखर कारखान्याचा भोंगा व्हायचा, मला लहानपणी वाटे की नाना खाकरतात म्हणून भोंगा होतो. गळिताच्या दिवसांत सगळ्या गावाला मळीचा आंबूस गोड वास यायचा. त्या वासात आईची चूल, चुलीवर भात, आणि भातात हमखास भोपळा. गावात कुणी गेलं की आमच्या घरी शिधा यायचा, आणि शिध्यात भोपळा असायचाच. आई पुडे सोडताना न विचारता घर ओळखायची. गूळ काळा असला की म्हणायची, "पाटलांकडचा दिसतोय, मेल्यावरसुद्धा हात आखडताच." आम्ही भावंडं हसायचो आणि जेवायचो. गेलेल्या माणसाविषयी आमच्या घरात जेवढं मनापासून बोललं जाई तेवढं त्याच्या स्वतःच्या घरीही बोललं जात नसेल, पण ते सगळं तांदूळ जुना की नवा या अंगानं.

दहाव्याला घाटावर काय होतं ते शहरात वाढलेल्या वाचकासाठी सांगतो. भाताचा पिंड करून उघड्यावर ठेवतात आणि सगळे लांब उभे राहतात. कावळा येऊन पिंडाला शिवला की गेलेला माणूस तृप्त होऊन सुटला. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा राहिली. मग घरचे एकेक जण पुढे होऊन हात जोडतात आणि शब्द देतात: धाकट्याचं लग्न करू, भांडण मिटवू, आईला अंतर देणार नाही. तरीही कावळा आला नाही तर गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, पण ते काही खरं नव्हे. लोक त्या घराकडे वर्षभर वेगळ्या नजरेनं बघतात. तोवर ऊन डोक्यावर येतं, पोटात कावळे ओरडत असतात आणि खरा कावळा समोरच्या बाभळीवर बसून मान वाकडी करून मजा बघत असतो.

मी नानांच्या हाताखाली तांब्या, पळी, दर्भ, तीळ सांभाळायचो. कॉलेजात नाव घातलं होतं, पण कोपरगावला जाणारी एसटी आणि दहाव्याची वेळ एकच, त्यामुळे माझी हजेरी घाटावर जास्त लागे. मला या ताटकळण्याचा संताप यायचा. म्हणून मी एक कावळा पाळला. पाळला म्हणजे पिंजऱ्यात नव्हे. त्याच्या एका पायाची बोटं मुडपलेली होती, म्हणून तो लंगड्या. घाटाच्या पायऱ्यांवर रोज सकाळी मी त्याला तुपाचं बोट लावलेली शिळी पोळी द्यायचो. देण्याआधी हात मांडीशी धरून मूठ उघडायचो आणि मिटायचो. थोड्याच दिवसांत अशी वेळ आली की मी मूठ उघडली की लंगड्या जिथं असेल तिथून येऊन माझ्यासमोर पडलेलं जे काही खाण्याजोगं असेल त्याच्यावर चोच मारायचा. एक उतरला की बाकीचे उतरतातच. मी पिंडाच्या मागे उभा राहू लागलो. बघता बघता पंचक्रोशीत नाव झालं की आमच्या गुरुजींच्या हाताला यश आहे, कावळा लगेच शिवतो. नानांनाही तसंच वाटे. एकदा जेवताना ते आईला म्हणाले, "उच्चार शुद्ध असले की होतं हो." मी भोपळ्याची फोड बाजूला करत खाली मान घालून जेवत राहिलो. मुलानं बापाला एवढं समाधान द्यावं यात मला तेव्हा काही गैर दिसलं नाही.

आता रंगनाथमामा. ते सोसायटीच्या गोदामात कामाला होते, खताची पोती आणि पिकांवर मारायची औषधं सांभाळायला. लग्न झालेलं नव्हतं, घरात दुसरं माणूस नव्हतं. त्या वेळी त्यांना मामा कुणी म्हणत नव्हतं. ते रंग्या होते. लग्नात रंग्याला पाणी वाढायला उभं करत आणि त्याचं जेवायचं राहून जाई. पण मयत झालं की आधी रंग्याला हाक. बांबू, सुतळी, मडकं, गोवऱ्या, तिरडी बांधणं, सगळं त्याला पाठ. आजाऱ्यापाशी बसायलाही तोच. घरची माणसं उसाला पाणी द्यायला गेली की म्हाताऱ्याचं तोंड पुसायला, चहा पाजायला रंग्या. दहाव्याला तो मागे कुठंतरी रिकामी घागर घेऊन उभा असे.

एकदा एका म्हाताऱ्याचा पिंड अडला. मुलगे बोलून दमले, जावई बोलले. मी मुद्दामच थांबलो होतो, कारण थोरल्या मुलानं येताना मला "ए भटुरड्या" म्हटलं होतं. तेवढ्यात मागून रंग्या लाजत लाजत म्हणाला, "बाबा, तुमच्या म्हशीची काळजी करू नगा. मी बघीन तिचं." सगळे हसले. मलाही गंमत वाटली, आणि गमतीनंच मी मूठ उघडली. लंगड्या सरळ येऊन पिंडावर बसला.

"आरं तिच्या! रंग्याचं ऐकलं की बाबानं!" थोरला मुलगा ओरडला. बायांनी पदर डोळ्यांना लावले. कुणीतरी रंग्याला पुढे ओढलं. त्याच्या तोंडाकडे मी पाहिलं, आणि ते तोंड आजही माझ्यासमोर येतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी पूर्ण नावानं हाक मारावी तसं ते झालं होतं.

त्या दिवसापासून रंग्याचे रंगनाथमामा झाले. पिंड ठेवला की घरचे नावापुरते हात जोडत आणि लगेच म्हणत, "मामा, तुमी बोला." मामा सदऱ्याची बटणं लावून पुढे येत, खाकरत, गेलेल्या माणसाशी हळू आवाजात बोलत. त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे: "आता ऱ्हायलं न्हाई काई. जावा निवांत." त्या वाक्यावर मी मूठ उघडायचो. आधी नाही, नंतर नाही, बरोबर त्या वाक्यावर. कारण ते फार छान दिसायचं. अंगावर काटा यायचा लोकांच्या. मला नाटकाचं वेड होतं आणि गावात दुसरं नाटक नव्हतं.

त्या हंगामात गावात म्हातारीकोतारी बरीच गेली. लोक म्हणाले, यंदा थंडी लई हाय. आमच्या घरी शिधा कमी पडला नाही. भोपळे माळ्यावर ठेवायला जागा उरली नाही आणि आई ते शेजारी वाटू लागली. शेजारी म्हणजे सोनाकाकू. त्या नवऱ्यामागे स्वतः ऊस करणाऱ्या, खड्या आवाजाच्या बाई. मला अंगाखांद्यावर खेळवणारी त्यांची एकुलती मुलगी कमलताई लग्न होऊन काष्टीला गेलेली. भोपळा नेला की सोनाकाकू म्हणत, "दिगू, कोन गेलं रं आज?" आणि भोपळ्याच्या बदल्यात हुलग्याच्या शेंगोळ्यांची वाटी देत. हुलग्याच्या पिठाच्या वळ्या करून लसणाचा ठसका बसेल अशा रश्श्यात शिजवलेले शेंगोळे. आमच्या घरात लसूण चालत नसे, म्हणून मी ते ओट्यावर बसून खायचो आणि मग नदीवर जाऊन चुळा भरायचो.

त्यांना ताप आला. साधा ताप. मामा बसायला येऊ लागले. एका दुपारी आईनं मुगाची खिचडी केली आणि आम्ही दोघं ती घेऊन गेलो. काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. ओठ काळवंडलेले, घाम. आईचा हात त्यांनी घट्ट धरला आणि म्हणाल्या, "वैनी, रंगूनं मला औषध दिलं."

"बरं झालं बाई," आई म्हणाली. "कुणीतरी दिलं वेळेवर."

काकूंनी मान हलवली. "आवो न्हाई. औषध. औषध दिलं त्यानं मला."

"हो हो, लागू पडेल हं," म्हणून आईनं त्यांच्या कपाळावरून हात फिरवला.

आमच्या भागात डॉक्टर देतो ते औषध आणि उसावर टाकतात तेही औषधच. अमक्याच्या सुनेनं औषध घेतलं असं कुणी सांगितलं तर शेतकऱ्याच्या घरात बायका छाती पिटत उठतात, आणि आमच्या आळीत विचारतात, कुठल्या डॉक्टरांचं? आईनं आयुष्यात शेत पाहिलं होतं ते एसटीच्या खिडकीतून. तिचा दोष नाही. पण मी खिचडीचं पातेलं धरून दारात उभा होतो आणि मला वास आला होता. उसाच्या फडाकडेनं जाताना नाकात बसतो तो वास. मला काही कळलं नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. बँकेतल्या नोकरीत, लग्नानंतर, मुलं झाल्यावर, वेळोवेळी सांगितलं. कळलं होतं. फक्त ते कळणं फार अवजड होतं आणि हातात गरम पातेलं होतं.

सोनाकाकू गेल्या. मामांनी तिरडी बांधली, इतकी नेटकी की लोकांनी वाखाणली. कमलताई काष्टीहून आली ती थेट स्मशानात. आईनं तिला कुशीत घेऊन, तिला बरं वाटावं म्हणून, सांगितलं, "शेवटी शेवटी सारखं म्हणत होत्या गं, रंगनाथनं औषध दिलं, औषध दिलं. केवढे उपकार त्या माणसाचे." कमलताई रडायची एकदम थांबली. तिनं आईकडे पाहिलं, मग चितेकडे. चितेनं तोवर चांगला पेट घेतला होता.

दहाव्याच्या दिवशी घाटावर गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती, कारण कमलताई गप्प बसली नव्हती. भावकीतल्या घरोघर जाऊन तिनं विचारलं होतं, आईला शेवटी काय पाजलं ते कुणी पाहिलं का. भावकीला हे आवडलं नव्हतं. मामा म्हणजे गावाचा आधार. शेवटी तिच्या सख्ख्या मामानं, दगडूमामा म्हणत त्यांना, मध्यस्थी केली. त्यांनी घाटावर सगळ्यांसमोर सांगितलं, "हे बघा, पोरीचा जीव जळतोय. आता हितं दूध का दूध व्हईल. बहिनीच्या मनात काई आसंल तर कावळा शिवनार न्हाई. न शिवला तर हितनंच उठून मी पोरीला घेऊन कोपरगावच्या ठान्याला जातो, मंग कुनी आडवं येऊ नगा. आन् शिवला, तर कमे, तू रंगनाथरावाचं पाय धरायचं. कबूल?"

"कबूल," कमलताई म्हणाली.

"मला बी कबूल हाय," रंगनाथमामा शांतपणे म्हणाले. त्यांच्या आवाजात जराही कंप नव्हता. कावळ्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

नानांनी पिंड ठेवला. मी त्याच्या मागे, माझ्या जागेवर. लंगड्या बाभळीच्या खालच्या फांदीवर येऊन बसलेला, एक डोळा माझ्यावर. मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. ठरवूनच. आज मी काही करायचं नाही, कावळ्याला वाटेल ते कावळा करील, असा माझा विचार होता. माझ्या आयुष्यातला तो एकमेव प्रामाणिक विचार आणि तो टिकला साधारण दुपारपर्यंत.

भावकी बोलली. कावळा हलला नाही. चुलतदीर म्हणाले, "वैनी, बांधाचं भांडान मिटलं म्हना." हलला नाही. ऊन चढलं. वाळू तापली. म्हातारे सावली शोधू लागले, पोरं भुकेनं किरकिर करू लागली. नानांनी दर्भाची काडी उचलली तशी कमलताई कडाडली, "ते गवताचं नगं, गुरुजी! खरा कावळा!" लोक कुजबुजू लागले. "खरंच काईतरी हाय गड्या." "म्हातारी काय उगंच आडून बसंल व्हय?" मामांच्या बाजूला उभी असलेली माणसं नकळत थोडी सरकली. पाठीमागून कुणीतरी बोललं, "गुरुजींचा बी हात गेला आता." नानांनी ते ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काही मागणं नव्हतं, त्यांना तर ठाऊकच नव्हतं. नुसताच एक थकलेला माणूस आपल्या मुलाकडे पाहत होता.

मग मामा पुढे झाले. बटणं लावली, खाकरले. "सोनाबाई," ते म्हणाले, "मी तुला पानी पाजलं, तुझं आंग पुसलं. माझ्या हातनं काई चुकलं आसंल तर पोटात घाल. लेकीचं घर सुखी ऱ्हाऊ दे." ते थांबले. "आता ऱ्हायलं न्हाई काई. जावा निवांत."

आणि माझी मूठ उघडली.

सवयीनं उघडली, असं मी म्हणतो. त्या वाक्यावर ती इतक्या वेळा उघडली होती की माझ्या हातानं मला विचारलंच नाही. पण हे मी वकिलासारखं बोलतो आहे. हात पाठीमागे बांधलेला होता. तो सोडवून पुढे, मांडीशी आणावा लागला होता. ते कोणी केलं? भूक होती, नाना होते, ऊन होतं, आणि ते वाक्य फार सुंदर म्हटलं गेलं होतं. लंगड्या आला, पिंडावर बसला, भाताचं शीत उचललं. पाठोपाठ सगळी बाभळ खाली उतरली.

लोकांनी जो सुस्कारा सोडला तो मी पुन्हा कुठल्याही गर्दीत ऐकला नाही. दगडूमामांनी हात जोडून आभाळाकडे पाहिलं. कमलताई बराच वेळ कावळ्यांकडे बघत उभी राहिली, मग वाळूत बसली आणि मामांच्या पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडली. "चुकलं माझं, मामा. आई जेवली. चुकलं." मामांनी तिला उठवलं, खिशातून खडीसाखर काढून तिच्या हातावर ठेवली आणि अखंड सौभाग्यवती हो असा आशीर्वाद दिला. नंतर पिठलं-भाताच्या पंगतीत ते स्वतः वाढत होते. माझ्या पानात त्यांनी दोनदा पिठलं घातलं. "दिगू, पोटभर जेव. लई वेळ हुबा हुतास."

त्यानंतर शाळेचे म्हातारे शिपाई गेनूदादा गेले. मला चिंचा देत असत ते. मग न्हाव्याची आंधळी म्हातारी. मी मूठ उघडत राहिलो. आता थांबलो असतो तर लोकांनी विचारलं असतं की आताच का, असं मला वाटे. शेवटी पाय मोडून पडलेल्या एका पैलवानाला मामांनी चहा पाजला. पैलवानाचं शरीर दणकट, तो ओकला आणि जगला, आणि कोपरगावच्या डॉक्टरनं तोंडाचा वास ओळखला. बिचारा डॉक्टर बाहेरगावचा होता. त्याला मामांची योग्यता माहीत नव्हती.

पोलीस मामांना गावात घेऊन आले तेव्हा हातात बेड्या असूनही त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. किती माणसं, ते त्यांना नीट सांगता येईना. फौजदारानं विचारलं, का मारलंस? मामांना तो प्रश्नच कळला नाही. "मारलं न्हाई सायेब, सोडवलं. ज्यांना कुनी सोडवत नव्हतं त्यांना. मी बोललो की कावळा येतो. इचारा कुनालाबी, एकाचाबी पिंड आडला न्हाई. वाईट केलं आसतं तर आडला आसता का न्हाई?" मग नानांकडे वळून म्हणाले, "गुरुजी, तुमी सांगा की." नाना जमिनीकडे बघत राहिले. सगळं गाव जमिनीकडे बघत राहिलं, कारण प्रत्येकानं स्वतःच्या डोळ्यांनी कावळा पाहिला होता. मी नानांच्या शेजारी उभा होतो. माझा हात खिशात होता.

मामा तुरुंगात वारले. त्यांनी पहिला खून केव्हा केला हे मला कधीच कळलं नाही. म्हशीच्या त्या गमतीआधी, की नंतर? याचं उत्तर मिळालं असतं तर मी एक वेगळा माणूस म्हणून म्हातारा झालो असतो. मी पुन्हा घाटावर मूठ उघडली नाही. लंगड्या पुष्कळ दिवस बाभळीवर माझी वाट पाहत बसायचा. नानांचे पिंड अडू लागले, दर्भाचे कावळे करता करता ते म्हणत, "खुन्याच्या शेजारी उभं राहून मंत्र म्हटले, वाणी बाटली माझी." ते तसंच मानून गेले. त्यांनाही मी सांगितलं नाही.

व्हिडिओ पाहिल्यावर आठवड्यानं मी नगरहून सुप्याला गेलो. (नगरचं आता अहिल्यानगर झालं आहे, एसटीच्या पाटीवर वाचतो, पण तोंडात नगरच येतं.) कमलताईचा मुलगा तिथं एमआयडीसीत कंपनीत आहे, तिसऱ्या मजल्यावर घर आहे. ताई ऐंशीच्या पुढे गेली आहे, पाठीत वाकली आहे, पण मला दारातच ओळखलं. "ये की रं, गुरुजींच्या दिगू! केवढा म्हातारा झालास! कुनी गेलं का काय, सांगाया आलास?" चहा झाला. मी सगळं सांगितलं; पोळी, तूप, मूठ, ते वाक्य. इतकी वर्षं मी या भेटीची तालीम केली होती. ती मला शिव्या देईल, किंवा जाऊ दे रे म्हणेल. दोन्हींसाठी माझ्याकडे उत्तरं तयार होती.

ती म्हणाली, "म्हंजी आई उपाशीच ऱ्हायली."

मी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

"त्यो धरला गेला तवा समदे म्हनले, मंग कावळा कसा शिवला? मी म्हनलं, आई तशीच हुती. मारनाऱ्याला बी माफ करून, जेवून गेली. येवढ्यावर काढले रं मी इतके दिस. नातवंडांना हेच सांगितलं." ती बराच वेळ आपल्या तळहाताकडे बघत होती, खडीसाखर ठेवली होती त्या. "त्याचं पाय धरले मी, दिगू."

"ताई, मी..."

"गप बस."

ती उठली, सुनेला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं आणि आत काहीतरी ठोकण्या-मळण्याचा आवाज येऊ लागला. लसणाचा वास सगळ्या घरात पसरला. मला ठसका लागला. बऱ्याच वेळानं ती झाकलेलं ताट घेऊन आली. "चल वर."

गच्चीवर पाण्याच्या टाक्या, डिश, वाळत घातलेले कंपनीचे निळे शर्ट. पलीकडे कारखान्यांच्या पत्र्यांवर ऊन. तिनं कठड्यावर ताट ठेवलं, पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले आणि मनातल्या मनात काहीतरी बोलली. शेंगोळ्यांची वाफ दिसत होती. मग सावलीला दोन पाट मांडून एकावर बसली, दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

"बस. आन् हात बुडाखाली घे."

"ताई?"

"दोनी. बुडाखाली घे म्हनलं ना."

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. खाली ट्रक जात होते. बराच वेळ नुसती कबुतरं फिरत होती. सुप्याला कावळे फार नाहीत, पाठोपाठ वर आलेली ताईची सून म्हणाली आणि खाली निघून गेली. मग एक आला. टाकीच्या पाईपवर बसला. दोन्ही पाय धड होते. त्यानं ताटाकडे पाहिलं, मग मान वाकडी करून माझ्याकडे.

"दिगू, हात."

"खालीच आहेत, ताई."

"ऱ्हाऊ दे तसंच."

बोटांना मुंग्या आल्या होत्या. शेंगोळ्यांची वाफ गेली, वर साय धरली. कावळा बसला होता. आम्ही दोघंही उठलो नाही.